तेलाचा जोर

माझी गाडी चढावर उभी राहिली तेव्हा इंजिन चालू होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्याला त्याला मी हेच सांगत सुटले आणि एकानेही ते धड ऐकून घेतलं नाही. "बंद पडली का?" असंच सगळे विचारायचे. अहो, बंद नाही पडली. इंजिन घुरघुरत होतं, गिअरचा दांडा डी वर होता, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते आणि गाडी मात्र रामटेकच्या गडाच्या चढावरून हळूहळू मागे यायला लागली होती. इंजिनाचा आवाज वाढत होता, पण चाकांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. ब्रेकवर पाय ठेवून मी तिथेच बसून राहिले आणि वरच्या वस्तीत एक म्हैस माझी वाट पाहत राहिली.

मी जनावरांची सरकारी डॉक्टर. रामटेकला राहते, आजूबाजूच्या गावांतली गाईगुरं माझ्याकडे. माझा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. कॅलिपर लावून मी चालते, गोठ्यातल्या चिखलात उभी राहते, अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, पण क्लच काही दाबता येत नाही. म्हणून ऑटोमॅटिक गाडी. ती येण्याआधी मी कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जायचे आणि तो 'कोणी तरी' मोकळा असेल तेव्हाच जनावरांनी आजारी पडावं अशी व्यवस्था होती. गाडी आली आणि मी माझ्या मर्जीची झाले.

आता ती दर दोन-चार दिवसांनी अशी हात टेकायला लागली. नागपुरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने तिला लॅपटॉप जोडला. गिअर घसरतोय असा कोड निघाला. "पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल मॅडम, आणि या मॉडेलचा आता येत नाही," असं सांगून त्यांनी मला पाण्याची बाटली दिली आणि हात झटकले.

ही बातमी आमच्या साहेबांपर्यंत गेली. साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांच्या दयेला धार आहे. "किती दिवस ओढाताण करणार, दामिनीताई? नागपूरच्या ऑफिसात एक टेबल रिकामं आहे. एसी आहे, लिफ्ट आहे. सोमवारी हो म्हणा, मी पुढचं बघतो." मी काय बोलणार? टेबल हंबरत नाही. टेबलाला ताप येत नाही आणि आपण गेलो म्हणून ते उठूनही उभं राहत नाही. पण गाडी नसेल तर गावं नाहीत, हे साहेबांनाही कळत होतं आणि मलाही. मला त्या टेबलाची मनापासून भीती वाटत होती.

नागपूरच्या नंदनवन भागात प्रशिक नावाचा एक जण फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच पाहतो असं कळलं. शनिवारी सकाळी मी निघाले. बाबा म्हणाले, मी येतो. माझे बाबा म्हणजे रुपराव, जन्मभर धान पिकवलेला माणूस. उन्हाळा म्हटला की डोक्याला पांढरा दुपट्टा बांधल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.

मनसरला पोचेपर्यंत गाडीने जोर सोडला. कडेला घेतली, चहा घेतला, पुन्हा सुरू केली तर काही झालंच नाही अशी पळायला लागली. कन्हानला परत तेच. पुढे कामठीलाही तेच.

"थकून राहिली बिचारी," बाबा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. "बैलालेही मधी दम द्या लागते."

"बाबा, हा बैल नाही."

"मी कुठी म्हटलं बैल हाय म्हणून? दम द्या म्हटलं."

रागाने माझं डोकं तापलं होतं आणि सोमवार परवावर आला होता.

प्रशिकचं पोट पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे. आधी तो हिंगण्याच्या एका कारखान्यात मोठमोठ्या प्रेसची देखभाल करायचा. हे त्याने आमची नावं विचारण्याआधीच सांगितलं.

"तेलाच्या जोरावर लोखंडाचा पत्रा चपातीसारखा दुमडताना पाह्यला मी, मॅडम! नुसतं तेल! तेव्हापासून मी दुसऱ्या कशालेच मानत नाही."

मी जनावरांची डॉक्टर आहे हे त्याला सांगितलं, कोड सांगितला, गिअरबॉक्स बदलायचं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला.

"कोड सांगते गिअर घसरला. काहून घसरला, थे कोण सांगन? नाडी न पाहता डायरेक्ट आतडी बाहेर काढता का तुम्ही?"

"आम्ही शेपटीखाली नाडी बघतो."

"बस! मंग आपणही शेपटीखालीच पाहू."

जॅक लावता लावता त्याचं तोंड चालूच होतं. "तुमचं इंजिन अन् तुमचा गिअरबॉक्स, याच्या मधात काय हाय सांगा?"

"काय असणार? दांडा वगैरे."

"तेल!" तो असा ओरडला की बाकावर बसलेले बाबा दचकले. "दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याची हवा लागून दुसरा फिरन का नाही? तसंच. इंजिन आपल्या पात्यानं तेल घुमवते, थे तेल समोरच्या पात्याले घुमवते. गाडी धावून राहिली अन् मधात हात मिळवला नाही कोणी. अन् गिअर? थेही तेलच टाकते. आत चकत्या असतात, तेल त्याहिले दाबून धरते. जोर कमी झाला का चकत्या घसरल्या."

मी गाडीकडे पाहिलं. इतकी वर्षं हिच्यात बसून मी नदीकाठचे रस्ते, शेताच्या वाटा पालथ्या घातल्या होत्या. आपल्याला लोखंड ओढतंय असं समजत होते. प्रत्यक्षात मला आणि माझ्या औषधांच्या पेटीला वाटीत धरता येईल असं काहीतरी पातळ ढकलत होतं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

प्रशिक गाडीखाली सरकला. गिअरबॉक्सच्या कुशीतला एक बोल्ट काढून त्याने तिथे लांब नळी बसवली आणि नळीच्या टोकाचं गोल मीटर काचेतून आत आणून माझ्यासमोर ठेवलं. मीटरच्या काचेवर दोन रेघा होत्या, एक लाल, एक हिरवी.

"बायकोची नेलपॉलिश," तो म्हणाला. "सरिता चिडते, चिडू द्या. लालच्या खाली काटा आला का पेशंट सिरियस. जोर दिल्यावर हिरवीपर्यंत गेला पाह्यजे. आता लावा डी अन् ब्रेक घट्ट धरा."

मी किल्ली फिरवली. काटा झोपला होता, तो टुणकन उठून लाल रेघेच्या वर जाऊन उभा राहिला. रिव्हर्स टाकला तर आणखी वर. मग त्याने सांगितलं तसं ब्रेक दाबून धरत मी क्षणभर जोर दिला. काटा सरसरत हिरव्या रेघेवर गेला. पाय उचलला, खाली आला. पुन्हा दाबला, पुन्हा गेला. माझा एक पाय कामाचा, त्यानेही मी जेमतेम बोटभर दाबलं होतं, आणि आत कुठेतरी लोखंड मुठीत धरणारा जोर तयार होत होता. मला हसू यायला लागलं. प्रशिकने पाहिलं आणि तोही खूश झाला, जणू तो जोर त्यानेच घरून करून आणला होता.

मग त्याचा चेहरा पडला.

"पण हे तं ठीक हाय," तो म्हणाला. "प्रेशरचा वॉल्व अडकला असंन म्हटलं होतं मी. अडकला असता तं काटा हिरव्यापाशी गेलाच नसता. पंप म्हणावा तं पंपही जोर देऊन राहिला." तो गाडीभोवती फिरला. "नाटक करून राहिली तुमची गाडी. डॉक्टरसमोर आली अन् ठीक झाली."

हे वाक्य मी आयुष्यात हजारदा ऐकलं आहे. दरवेळी गोठ्यात ऐकलं आहे.

"थांबा," मी म्हटलं. "माझ्याकडे एक गाय आली होती. दर आठ दिवसांनी फुगायची. पोट नगाऱ्यासारखं, श्वास अडकलेला. मी पोचेपर्यंत उठून उभी, चारा मागायची. मालक म्हणायचा, नखरे करते. तिच्या पोटात चिंधी होती. ती आत तरंगत राहायची. वाटेवर येऊन बसली की गाय फुगायची, बाजूला सरकली की बरी. हीसुद्धा थांबवली की बरी होते. मनसरला झाली, कन्हानला झाली, कामठीला झाली."

प्रशिक माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"तळाच्या भांड्यात जाळी असते," तो म्हणाला. "पंप तिच्यातूनच तेल ओढते. तेल ओढलं का कचराही तिच्यावर येऊन चिकटन. इंजिन बंद केलं, ओढ संपली..."

"की कचरा सुटून खाली."

"मीटर राहू द्या. चला, फिरवून आणू तिले."

नळी नीट बांधून आम्ही दोघं दिघोरीकडे निघालो. मीटर त्याने काचेला चिकटपट्टीने चिकटवलं होतं. उड्डाणपुलावरून एकदा गेलो, काटा मस्त. परत फिरलो, पुन्हा चढलो, काटा मस्त. तिसऱ्या वेळी चढ लागला आणि काट्याला कंप सुटला. खालून बारीक कुईंकुईं ऐकू यायला लागलं, उपाशी पिल्लासारखं. मी पाय दाबत होते आणि काटा खाली येत होता. हिरवीपासून तुटला, मध्यावर आला, लाल रेघेवर जरा रेंगाळला आणि खाली गेला. बरोबर तेव्हाच गाडीने जोर सोडला. गडाच्या चढावर जे झालं होतं ते आता मला डोळ्यांनी दिसत होतं.

मागे हॉर्नचा कल्ला सुरू झाला. एकाने काच खाली करून माझ्या गाडी चालवण्याबद्दल मत दिलं, मी त्याच्या बोलण्याबद्दल दिलं. प्रशिकचं तिकडे लक्षच नव्हतं.

"बंद करा," तो पुटपुटला. "बंद करा इंजिन."

मी बंद केलं. कुईंकुईं थांबलं. तो काचेला नाक लावून झोपलेल्या काट्याकडे बघत बसला, मीही. मागचा माणूस आता उतरून यायच्या बेतात होता.

"लावा."

काटा उठला. लाल रेघ ओलांडून उभा राहिला. मी जोर दिला, तो हिरवीला जाऊन टेकला आणि गाडी पूल चढून गेली.

"सुटलं," प्रशिक म्हणाला. बंद लोखंडाच्या पोटात, कोणाला न दिसणाऱ्या जागी काहीतरी सुटून खाली पडलं आणि ते आम्हाला वरून कळलं. गाईच्या बाबतीत हे मला दरवेळी नवं वाटतं. यंत्राच्या बाबतीतही तसंच वाटेल हे माहीत नव्हतं.

गॅरेजवर आल्यावर प्रशिकने गाडी उचलली आणि खालचं भांडं सोडलं. लालसर तेल ट्रेमध्ये गळालं. त्याने आधी भांड्यातलं लोहचुंबक काढून बोटाने पुसलं. बारीक करडी पूड होती, बाकी काही नाही.

"धातूचा तुकडा नाही! चकत्या चांगल्या हायत. तुमचा गिअरबॉक्स ठणठणीत हाय, मॅडम!" तो गाडीखालूनच ओरडला. "बदलायले सांगत होते म्हणे!"

मग त्याने जाळी काढून माझ्या हातावर ठेवली. जाळीला तेलात भिजलेल्या मऊ तंतूंचा थर चिकटला होता, आणि भांड्याच्या तळाशीही तसलेच पुंजके होते. मी एक पुंजका चिमटीत धरून दाबला. तेल निथळलं आणि खालून पांढरं दिसलं.

"हे कुठून आलं?" प्रशिक म्हणाला. "गिअरबॉक्सात सूत नसते."

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. दीड-दोन महिन्यांपूर्वी गिअरबॉक्सच्या तेलाची एक नळी झिरपली होती. रामटेकच्या मेकॅनिकने ती बदलली, थोडं तेल टाकलं आणि डबा देऊन उरलेलं घरी टाका म्हणून सांगितलं. ते बाबांनी टाकलं होतं. मी जाळी फडक्याखाली सरकवायला गेले, पण बाबा बाकावरून उठून आले होते.

"काय निघालं वं?"

"काही नाही. कचरा."

बाबांनी माझ्या चिमटीतला पुंजका घेतला आणि अंगठ्याने चोळला. एकदाच.

"कचरा कायचा? सूत हाय हे," ते म्हणाले. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, त्याचं टोक दुसऱ्या हातात घेतलं आणि तेही चोळलं. "हेच हाय."

"तेल मी गाळून टाकलं होतं," बाबा प्रशिकला सांगायला लागले. "आपल्या मोटारपंपाच्या इंजिनाचं डिझेल मी असंच गाळतो ना गा. डब्याच्या बुडाशी काय असंन, कोणाले मालूम? कपडा लावला का बेफिकीर. इतकी वर्सं झाली, इंजिन कधी अडलं नाही."

"कोणता कपडा लावता, दादाजी?"

"इंजिनाले? जुनं धोतर. धुवून धुवून पातळ झालेलं."

"अन् याले?"

"याले जुनं कसं लावन गा? पोरीची गाडी हाय. नवा दुपट्टा काढला. घडीही मोडली नव्हती."

प्रशिकने दुपट्ट्याचं टोक बोटांत धरून पाहिलं. जुन्या धोतराने सूत सोडलं नसतं. नव्या, न धुतलेल्या दुपट्ट्याने सोडलं.

"म्हणजे मीच थांबवलं तुले," बाबा म्हणाले.

मी आजवर जनावरांच्या पोटातून ओढण्या काढल्या आहेत, पिशव्या काढल्या आहेत, एकदा शाळेचा टायसुद्धा. दरवेळी मालकाला इतकं झापते की तो पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. बाबांपुढे माझी जीभच उचलेना. ते तो ओला पुंजका तळहातावर घेऊन उभे होते, दुपट्टा खांद्यावरून लोंबत होता, आणि उघडं डोकं मला फार म्हातारं दिसलं. रागही आला, पण त्यांचा नाही. कोणाचा ते अजून ठरवलेलं नाही.

"प्रशिकभाऊ, जाळी धुतली जाते का?"

"धातूची हाय. पेट्रोलनं धुतो, हवा मारतो. आतलं बाकी तेलही काढून टाकतो. नव्यासारखी होईन."

"मग नवीन तेलाचे डबे काढा. ते बाबा ओततील."

बाबांनी मान हलवली. "मी नाही वं. आता मी हात नाही लावत."

"तुम्हीच ओतायचं. मी दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. मग उभी राहू दे गाडी इथेच."

माझा हा आवाज बाबांच्या ओळखीचा आहे. प्रशिकच्याही लगेच ओळखीचा झाला. त्याने जाळी धुतली, भांडं बसवलं, मीटर पुन्हा समोर लावलं आणि सीलबंद डबा स्वतः पुसून बाबांच्या हातात दिला. "सील तोडा, दादाजी, अन् सरळ ओता. कंपनीतून गाळूनच येते थे."

बाबांनी सील तोडलं. नरसाळं लागलेलं होतं. त्यांचा हात सवयीने खांद्याकडे गेला, दुपट्ट्याला लागला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी दुपट्टा काढून माझ्याकडे दिला आणि दोन्ही हातांनी डबा धरून ओतायला लागले. देवाला पाणी घालतानाही ते इतके हळू नसतात. एक थेंब बाहेर सांडला नाही.

दिघोरीच्या पुलावर या वेळी बाबा माझ्या शेजारी बसले आणि प्रशिक मागे. पुलावरून आम्ही इतक्या वेळा गेलो की खालचा उसाचा रसवाला हात करायला लागला. काट्याने लाल रेघेकडे वळूनही पाहिलं नाही. प्रत्येक चढाला तो हिरवीवर जायचा आणि प्रत्येक वेळी मागून प्रशिक "वा!" म्हणायचा, आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय असा. बाबा मात्र नुसते काट्याकडे बघत होते.

नळी काढून, बोल्ट बसवून आम्ही निघालो. कामठी गेली, कन्हान गेलं. मनसरला मी मुद्दाम थांबले नाही. रामटेक आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. घराकडचं वळण आलं तर बाबा म्हणाले, "गडावर घे."

"आता? कशाला?"

"घे म्हणतो ना."

चढ सुरू झाला. गाडी जिथे मागे आली होती ती जागा मला झाडासकट पाठ होती. आता समोर मीटर नव्हतं. बाबा वाकले आणि त्यांनी दोन सीटांमधल्या उंचवट्यावर, गिअरच्या दांड्याजवळ, तळहात पालथा ठेवला, गाभण गाईच्या कुशीवर ठेवतात तसा. ती जागा आली. मी पाय दाबला. गाडीने चढ असा घेतला की मला स्वतःलाच कळलं नाही केव्हा झाड मागे गेलं.

तिथेच वरच्या सपाटीवर गाडी जरा कडेला घेऊन मी साहेबांना फोन लावला. सोमवारची वाट कशाला पाहायची? "ते टेबल दुसऱ्या कोणाला द्या साहेब," मी म्हटलं. "माझी गाडी चालते." पलीकडे ते काहीतरी सोयीबद्दल बोलत होते. मी नमस्कार म्हणून फोन ठेवला, गाडी काढली आणि पुढचा चढ लागला.

बाबांचा हात अजून तिथेच होता.

"म्हणजे आपल्याले आता तेलच चढवून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"तेलच."

त्यांनी तळहात जरा दाबून पाहिला.

"मी ओतलेलं?"

"तुम्हीच ओतलेलं, बाबा."

त्यांनी माझ्या मांडीवरचा दुपट्टा उचलला आणि त्याचं टोक डोळ्यांना लावलं. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले, कारण पुढे वळण होतं.